दुसऱ्यांदा विमानात बसले: बाबांसोबत अमरावती ते लुसाका

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी चांदूर बाजारजवळच्या आमच्या मळ्यात गेले आणि बाबांना म्हणाले, "मे महिन्याचं तिकीट काढून राहिली मी. दोघांचं."

बाबा झेंडूच्या रोपांना खत घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"यावेळी उतरशीन तं नाई न?"

हा प्रश्न त्यांनी का विचारला, ते आधी सांगते. मी अमरावतीत राजापेठेत आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. वय चव्वेचाळीस. धाकटी बहीण वर्षा लग्नानंतर झांबियात गेली, लुसाका या राजधानीच्या शहरात. चार वर्षांपूर्वी आमची आई गेली तेव्हा वर्षा येऊ शकली नाही. तिला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायला मनाई केली होती. त्यानंतर बाळ लहान, मग नवऱ्याच्या परमिटची कटकट. बाप आणि लेक आई गेल्यापासून एकमेकांना भेटलेच नव्हते. म्हणून दीड वर्षापूर्वी बाबांना घेऊन मी निघाले. मुंबईला विमानात बसलो, पट्टे बांधले, दार बंद व्हायची वेळ आली आणि माझा श्वास अडकला. छातीवर कोणीतरी पोतं ठेवावं तसं झालं. मी ओरडले, "मला उतरायचंय."

उतरवलं त्यांनी. त्यासाठी आमच्या बॅगा विमानाच्या पोटातून शोधून काढाव्या लागल्या, तेवढा वेळ सगळं विमान खोळंबलं. लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ते लिहिण्यासारखं नाही. बाबा उठले, डोक्यावरच्या कप्प्यातली पिशवी काढली आणि माझ्यामागे आले. गावात त्यांनी सगळ्यांना सांगितलं की तिकिटात घोळ झाला. मला एका शब्दाने बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

तयारी

ज्यांना विमानाची माझ्यासारखी भीती वाटते त्यांच्यासाठी हा भाग सविस्तर लिहिते. ज्यांना वाटत नाही त्यांनी थेट मुंबई गाठावी.

मी अकोल्याच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेले. अमरावतीत डॉक्टर नाहीत असं नाही, पण राजापेठेत दर दोन दुकानांमागे माझ्या एखाद्या विद्यार्थ्याची आई भेटते. मॅडम असल्या डॉक्टरकडे का जातात, याची चर्चा मला नको होती. म्हणून दर शनिवारी सकाळची एसटी, मूर्तिजापूरमार्गे दोन-सव्वादोन तास, आणि दुपारच्या गाडीने परत. असे दहा शनिवार.

डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "भीती घालवायच्या मागे लागू नका. भीतीसकट बसून राहायला शिका." मग त्यांनी गृहपाठ दिला. त्यांच्याच इमारतीत एक जुनी, अरुंद लिफ्ट आहे, तीन माणसं उभी राहिली की चौथ्याला जागा नाही. तिच्यात बसून वर-खाली करायचं. घाबरायला झालं तर मधेच बाहेर पडायचं नाही. श्वास चार आकडे आत, सात आकडे बाहेर. पहिल्या शनिवारी दोनदा केलं आणि घामाघूम झाले. चौथ्या शनिवारी अकरा वेळा केलं. तिथले म्हातारे वॉचमन काका शेवटी जवळ आले.

"ताई, तुमाले जायचं तरी कुठं हाय?"

"आफ्रिकेला," मी म्हणाले.

काकांनी लिफ्टकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ह्या लिफ्टनं तं तिसऱ्या मजल्यापलीकडं नाई जात बाप्पा."

बाकी कामाच्या गोष्टी अशा. झांबियाला जाताना आणि विशेषतः परत येताना पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड सोबत ठेवा. ही लस ठरावीक केंद्रांवरच मिळते. आम्ही मागच्या वेळी नागपूरला जाऊन घेतली होती. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि साठीच्या पुढच्यांना डॉक्टर नीट तपासूनच देतात. बाबा सदुसष्ट वर्षांचे आहेत, त्यांना अर्धा तास प्रश्न विचारले होते. व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते ज्याचे त्याने तपासावे. तिकीट मुंबई-अदिस अबाबा-लुसाका असं घेतलं, माणशी सत्तर हजारांच्या आसपास पडलं. सीट वाटेच्या कडेची मागा, आणि जेवण शाकाहारी हवं असेल तर आधी कळवा.

बाबांनी सामानात मूगवड्या, कुरडया, लाल मिरच्या आणि कढीपत्त्याचं एक रोप आणलं होतं. रोप मी परत पाठवलं. ते दुसऱ्या देशात नेता येत नाही हे त्यांना पटायला एक अख्खी संध्याकाळ लागली. "झाडाले कोणता व्हिसा लागते?" असं ते माझ्या नवऱ्याला विचारत राहिले. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून तो स्टेशनवरच निरोप घेणार होता.

मुंबई

संध्याकाळच्या गाडीने अमरावती सोडली, सकाळी मुंबई. एक दिवस विमानतळाजवळच्या लॉजवर आराम केला. हे मुद्दाम केलं. मागच्या वेळी गाडीतून उतरून तसेच विमानतळावर गेलो होतो, झोप नाही, पोटात काही नाही. शिणलेल्या शरीरात भीती लवकर शिरते, हे मॅडमनी समजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानाच्या दारातच मी हवाईसुंदरीला सांगितलं की मला घाबरायला होतं. हे जरूर सांगा. ती हसली नाही. तिने आमच्या सीटचा नंबर लक्षात ठेवला आणि म्हणाली, मधून मधून येऊन जाईन.

कडेला मी, मधे बाबा आणि खिडकीला झांबियाच्याच एक वयस्कर बाई. मुंबईत गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी निघाल्या होत्या. बाबांनी त्यांना नमस्कार केला, त्यांनीही हात जोडले.

मग ती वेळ आली. शेवटचा माणूस आत आला. डोक्यावरचे कप्पे एकामागून एक बंद व्हायला लागले, फट्, फट्. माझे तळवे ओले झाले. चार आत, सात बाहेर. सातपर्यंत श्वास पोचेचना. डोळ्यांपुढे फक्त ते दार. माझ्या हाताने पट्टा कधी सोडला ते मला कळलंच नाही. मी उभी होते.

"बाबा, मले नाई जमत. चला."

बाबा उठले नाहीत.

"तुले उतराचं तं उतर, मने," ते हळू आवाजात म्हणाले. "मी नाई उतरत. गेल्या बारीले उठलो, थेच चुकलं माहं."

"तुमी एकटे कसे जाशान? मधात विमान बदलावं लागते."

त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. त्यावर देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "प्लीज शो मी लुसाका गेट. माय डॉटर इज वेटिंग. आय डोन्ट नो इंग्लिश." प्रत्येक ओळीखाली मराठीत अर्थ. खाली वर्षाचा फोन नंबर, तोही अक्षरी. शेजारच्या मास्तरांचं अक्षर मी ओळखलं.

"पंधरा दिवस पाठ करून राहिलो," बाबा म्हणाले. "म्हटलं, तुले नाईच जमलं तं तुह्यावर भार नोको."

मला आधी राग आला. दहा शनिवार अकोल्याच्या फेऱ्या मारल्या त्या मी, आणि या माणसाने माझ्या पळून जाण्याची तयारी करून ठेवली होती. मग त्या कागदाकडे पुन्हा पाहिलं. सातवी शिकलेला माणूस, वांगी आणि मेथी विकण्यात आयुष्य गेलेलं, तो अनोळखी देशातल्या विमानतळावर एकटा उतरायला तयार होता. आता मी उतरले तरी कोणाचं काही अडणार नव्हतं. दीड वर्षात पहिल्यांदाच माझ्या मानेवरचं ओझं हललं. माझं बसणं आता फक्त माझं होतं.

हवाईसुंदरी आली. "मॅडम?"

मी बसले. पट्टा लावला. बक्कल लागायला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. दार बंद झाल्याचा आवाज आला आणि मी मोठ्याने, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असा श्वास सोडला. एक, दोन, तीन... सातपर्यंत पोचले.

समुद्रावर

धावताना विमान इतकं खडखडतं, हे कोणी सांगत नाही. बडनेऱ्याच्या रस्त्यावरची एसटी बरी. मग अचानक खडखड थांबते आणि पाठ सीटला चिकटते. वर जाताना इंजिनाचा आवाज एकदम कमी होतो तेव्हा वाटतं, संपलं सगळं. तसं काही नसतं, ते नेहमीचंच आहे. हे आधी माहीत असलं तर अर्धी भीती वाचते, म्हणून सांगून ठेवते.

बाबा मात्र लग्नाला निघाल्यासारखे बसले होते. मुंबई खाली गेली, ढग खाली गेले. त्यांनी खिडकीच्या बाईंच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "कापूस पिंजून ठेवला जसा." बाईंनी त्यांना चोखायला लिमलेटची गोळी दिली, कानासाठी. जेवणात भात, वरणासारखं काहीतरी, थंड पाव. बाबांनी पिशवीतला ठेचा काढला आणि बाईंनाही दिला. बाईंनी बोटाने चाटून डोळे मिटले, मग हसत हसत पाणी मागितलं.

तीन तास असे चांगले गेले. मग विमान हलायला लागलं. पट्टे बांधा अशी सूचना आली आणि माझ्या लक्षात आलं, बाबांची सीट रिकामी. ते मागे बाथरूमला गेले होते.

विमान खाली बसलं, पोट वर राहिलं. असं दोनदा झालं. मागून कोणीतरी दार ठोकत असल्याचा आवाज यायला लागला, धप् धप्, आणि त्यात बाबांचा आवाज: "मने! ए मने!"

तेव्हा मला भीती वाटली की नाही ते आठवत नाही. मी उठले. सीटच्या पाठी धरत धरत मागे गेले. हवाईसुंदरी बसायला सांगत होती, मी तिला म्हटलं, "माझे वडील आत अडकलेत." दार ते, मधून घडी होणारं. बाबा ते बाहेर ढकलत होते आणि कडी उलट्या बाजूला रेटत होते.

"बाबा, ढकलू नोका. हात काढा. कडी डाव्या हाताकडं सरकवा."

"श्वास नाई येऊन राहिला पोरी!"

"येते. हळू सोडा श्वास. माह्यासंगं. एक, दोन..."

मी दाराला तोंड लावून सातपर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं. तेवढ्यात हवाईसुंदरीने बाहेरूनच एक पट्टी उचलून कडी फिरवली आणि दार उघडलं. बाबांचा चेहरा पांढरा पडला होता, टोपी हातात, शर्ट भिजलेला. आम्ही दोघं तिथल्या कर्मचाऱ्यांच्या घडीच्या सीटवर बसलो, हलणं थांबेपर्यंत. ते माझं मनगट धरून होते.

मग म्हणाले, "हे असं होते का तुले?"

"हो."

"मले वाटे, नुसती घाबरते. लाडाची हाय म्हणून." त्यांनी टोपीने तोंड पुसलं. "हे तं मरण होय."

अदिस अबाबा

साडेपाच तासांनी उतरलो. अदिस उंचावर आहे, म्हणून मे महिन्यातही गारवा होता. आम्ही पंचेचाळीस अंशांच्या अमरावतीहून आलेलो, बाबांनी दुपट्टा कानाभोवती गुंडाळला. पुढचं विमान अडीच तासांनी होतं. ते पावसामुळे आणखी दोन तास लांबलं. कामाची सूचना: इथे बसायला जागा पटकन मिळत नाही, आधी स्वतःचं गेट शोधा, मग खायला जा. आम्ही इंजेरा खाल्ला. मोठं, मऊ, छिद्रांचं, आंबट.

"हे तं आंबलेलं धिरडं होय," बाबा म्हणाले आणि अर्धं तसंच ठेवलं. एरवी ते पानात काही टाकत नाहीत.

गेट उघडल्याची घोषणा झाली. मी उठले. बाबा बसलेलेच.

"मने, इथून बस नसते का?"

मला वाटलं गंमत करतायत. पण ते जमिनीकडे बघत होते.

"लुसाकाले. दोन दिवस लागू दे, तीन लागू दे. मले त्या डब्यात पुन्हा नाई जायचं."

मी त्यांच्याशेजारी बसले. खरं सांगते, एक क्षण मलाही बस हवीशी वाटली. मग मी त्यांना नकाशात दाखवलं की मधे किती देश आहेत. ते म्हणाले, असू दे. तेव्हा मी ठरवलं की आता गोड बोलण्यात अर्थ नाही.

"बाबा, वर्षा चार तासांवर हाय. तुमी सकाळी मले म्हटलं, मी नाई उतरत. आता मी म्हणते. मी जाऊन राहिली. तुमी येशान, आणि माह्याजवळ बसशान. बाथरूमले जायचं तं मी दाराशी उभी राहीन, कडी लावायची नाई."

"लोक काय म्हनतीन?"

"मागच्या बारीले लोक काय म्हणाले थे ऐकलं न आपण दोघांनी. जगलो."

ते हसले नाहीत, पण उठले. विमानात दार बंद होताना त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलवत राहिले. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. नंतर विचारलं तर म्हणाले, श्वास मोजता मोजता आकडे चुकायला लागले, म्हणून मनातल्या मनात वांग्याची रोपं लावत गेलो, एका श्वासाला एक रोप. लुसाका येईपर्यंत अर्धा एकर झाला म्हणे. मी मोजत होते तेही सांगते: दार बंद झाल्यापासून चोवीस श्वास वाईट होते. पंचविसावा बरा होता.

लुसाका

बाहेर काचेपलीकडे वर्षा उभी होती, कडेवर पोरगी. मी पुढे झाले, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. बाबा सामानाची गाडी ढकलत आले. ती त्यांच्या पाया पडायला वाकली आणि तिथेच, खाली बसूनच, रडायला लागली. बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. नातीने त्यांची टोपी ओढली तेव्हा कुठे ते हलले.

लुसाकाबद्दल थोडक्यात: विमानतळापासून शहर अर्ध्या-पाऊण तासावर, रस्ते रुंद, माती तांबडी. मे महिन्यात सकाळी स्वेटर लागतो, दुपारी छान ऊन. गुजराती दुकानांत हिंग-मोहरीपासून सगळं मिळतं, तेव्हा मसाले वाहून नेऊ नका. बाहेर जेवायला नशिमा जरूर मागा. मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, सोबत पालेभाजी किंवा शेंगदाण्याचं कालवण. बाबांनी हाताने मोडून खाल्ला, तिथली माणसं खातात अगदी तसाच, आणि म्हणाले, आपल्या ज्वारीच्या घाट्याचा भाऊ. वीज जाते, भरपूर जाते. पहिल्या दिवशी दिवे गेले तेव्हा बाबांना घरच्यासारखं वाटलं.

रोज सकाळी ते वर्षासोबत भाजीबाजारात जायचे. टोमॅटोचे छोटे छोटे मनोरे, भोपळ्याची कोवळी पानं, गवताने बांधलेल्या जुड्या. विकणाऱ्या बायकांशी त्यांची भाषा एका दिवसात जमली. पानं उलटी करून कीड दाखवायची, भोपळा बोटाने वाजवायचा, एवढंच. एका बाईने त्यांना स्टुलावर बसवून मक्याचं कणीस दिलं. ते बंद डब्यातल्या भीतीचं नंतर काही बोलले नाहीत.

तुम्ही विचाराल, झांबियाचा तो जगप्रसिद्ध धबधबा पाहिला का? नाही. तो गाडीने सहा-सात तासांवर आहे आणि मे महिन्यात भरून वाहत असतो, तेव्हा तुम्ही अवश्य जा. बाबा म्हणाले, मी पोरीले पाहाले आलो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं मागच्या ओट्यावर बसलो होतो. वर्षा भाजी निवडत होती. ती एकदम म्हणाली, "बाबा, आई जाताना मी नोती, हे माह्या मनातून जात नाई. तुमी तरी होते तिच्याजवळ."

बाबांनी तिच्यापुढची एक जुडी उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाले, "मी नोतो."

वर्षाने मान वर केली.

"मी बाजारात होतो. मेथी तोडली होती, सुकून जाईन म्हणून गेलो. तुह्या मायनंच म्हटलं, जा, मी बरी हाय. येतो तं..." त्यांनी हात उघडून दाखवला. "शेजारीण होती फक्त. मंग सगळ्याइले सांगतलं, मी होतो म्हणून. मनीलेबी तेच सांगतलं. लाज वाटे."

वर्षाच्या हातातली भाजी तशीच राहिली.

"फोनवर सांगू सांगू करे, पण फोनवर सांगासारखं नाई हे. तू तिकडं रडून राहिली, मी नोती, मी नोती. मी तं दोन मैलांवर होतो, वर्षे, अन् मीबी नोतो. तू काहून स्वतःले बोल लावतं?"

वर्षाने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मी आत जाऊन चहा ठेवला आणि गॅससमोर उभी राहून रडले. दीड वर्षापूर्वी मी विमानातून उतरले तेव्हा बाबांच्या पोटात हे होतं. ते पोटात घेऊनच ते माझ्यामागे उठून आले होते.

एकटी परत

दहाव्या दिवशी बाबांनी जाहीर केलं की ते परत येणार नाहीत, दोन महिने राहणार. मळा चुलत भाऊ बघेल. वर्षाच्या नवऱ्याने तिकिटाची तारीख बदलून दिली. माझ्या शिकवण्या सुरू होत होत्या, मला थांबता येत नव्हतं.

म्हणजे आता खरी परीक्षा. कागद बाळगणारे बाबा नाहीत, दार ठोकणारे बाबा नाहीत, ज्यांच्यासाठी खंबीर व्हावं असं कोणीच नाही. निरोप घेताना बाबा म्हणाले, "नाई जमलं तं उतरजो. मी हाव इथं. पुन्हा येऊन बसजो." या वाक्याने मला जितका धीर आला तितका कशानेच आला नसता.

लुसाकाला दार बंद झालं तेव्हा मी हाताचं कोपर सीटच्या दांड्यावर घट्ट दाबून बसले. शेजारी एक तरुण इंजिनिअर लॅपटॉप उघडून होता. मी त्याला म्हटलं, "मला विमानाची भीती वाटते. मी मोठ्याने श्वास घेतला तर घाबरू नका." तो म्हणाला, "काही हरकत नाही," आणि पुन्हा कामाला लागला. एवढंच. जगाला माझ्या भीतीचं फारसं काही पडलेलं नाही, हा शोध फार सुखाचा होता.

अदिसला पाच तास थांबले. तिथून मुंबईच्या विमानात मला रडू आलं, उतरावंसं वाटलं, पट्ट्यावर हात गेलाही. हात तिथेच ठेवला. पर्समध्ये डॉक्टरांनी दिलेली गोळी होती, ती घेतली. ती घेण्यात कमीपणा नाही, हेही लिहून ठेवते. समुद्रावर पुन्हा विमान हललं. मी जेवले. थोडी झोपलेसुद्धा, मान वाकडी करून, पंधरा मिनिटं असेल.

मुंबईला पिवळ्या तापाचं कार्ड खरोखरच तपासतात, ते बॅगेच्या तळाशी ठेवू नका. मग गाडी, बडनेरा, रिक्षा. राजापेठेत दुपारी रस्ता तसाच तापलेला, क्लासेसच्या पोरांच्या गाड्यांचे तसेच हॉर्न. घरी नवऱ्याने खिचडी लावली होती. मी बॅग न उघडता जमिनीवर आडवी झाले आणि फरशीला पाठ टेकवून बराच वेळ तशीच पडले. फरशी हलत नव्हती.

काय उरलं, असं लोक विचारतात. भीती उरली, ती गेलेली नाही. फोटो फार कमी आहेत. उरला तो ओट्यावरचा बाबांचा उघडा हात. आणि आता वर्षा फोनवर आईबद्दल बोलते तेव्हा तिचा आवाज चिरत नाही. परवा तर आईच्या हातची मेथी कशी करायची म्हणून विचारत होती, मी सांगितलं, आणि मागून बाबांचा आवाज आला, "लसूण जास्त टाक म्हणा."

काल बाबांशी बोलले. वर्षाच्या मागच्या अंगणात त्यांनी वाफे केलेत, तिथल्याच बियांचे. परत कधी येता, विचारलं. म्हणाले, "पाहू. दोन महिने तं होऊ दे. एकटा येईन मी."

"मी येते न्यायला," मी म्हणाले.

मग ते म्हणाले, "सांग बरं, काहून?"

"त्या बाथरूमच्या दाराशी कोण उभं राहीन?"

ते हसले. खूप हसले, वर्षालाही सांगितलं, मग तीही हसली.

फोन ठेवल्यावर मला कळलं की माझे हात थरथरतायत. दहा मिनिटं पाहिली, थांबेनात. मग त्याच हातांनी तिकीट काढलं.